ऐकणाऱ्याचा भाव, गाणाऱ्याची मजुरी

रेडिओचे जुने अर्थशास्त्र एका साध्या गोष्टीवर उभे होते. प्रक्षेपणाचा मनोरा एकदा उभा राहिला, की त्याच्या टापूत एक हजार घरांत रेडिओ लागला काय किंवा एक लाख घरांत लागला काय, केंद्राच्या खर्चात एका पैचीही भर पडत नसे. नवा श्रोता हा फुकटचा श्रोता होता. म्हणूनच सरकारी रेडिओ लोकशिक्षणाचे साधन होऊ शकला आणि खाजगी रेडिओ जाहिरातदारांच्या पैशावर गबर होऊ शकला. इंटरनेटवरील व्यक्तिगत रेडिओने हे गणित मुळापासून उलटे केले आहे. तेथे प्रत्येक श्रोत्याचे केंद्र वेगळे, त्याच्याकडे जाणारा गाण्यांचा प्रवाह वेगळा आणि प्रत्येक गाण्याची आकारणीही वेगळी. श्रोते वाढले की खर्च वाढतो. तेच श्रोते अधिक वेळ ऐकू लागले की तो आणखी वाढतो. हा खर्च कोणी सोसायचा यावरून गेली वीस-पंचवीस वर्षे अमेरिकेत जो झगडा चालला आहे, तो केवळ संगीतप्रेमींच्या कुतूहलाचा विषय नव्हे. श्रमाचा दर कोण ठरवतो आणि तो चारचौघांत ठरतो की बंद दाराआड, हा त्या झगड्याचा गाभा आहे. आणि हा प्रश्न श्रमिकांच्या चळवळीला नवा नाही.

या धंद्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील ‘पँडोरा’ ही कंपनी. श्रोत्याने एखाद्या गाण्याचे वा गायकाचे नाव सांगावे आणि त्या जातीची गाणी यंत्राने एकामागून एक ऐकवावीत. आवडले तर वर केलेला अंगठा आणि नावडले तर खाली केलेला अंगठा दाबावा, म्हणजे पुढची निवड त्या बेताने बदलते, अशी ही सोय आहे. टिम वेस्टरग्रेन व त्यांचे दोन सहकारी यांनी २००० साली ‘सॅव्हेज बीस्ट टेक्नॉलॉजीज’ या नावाने हा उद्योग सुरू केला. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटल्यावर भांडवल आटले. तेव्हा सुमारे ५० कर्मचाऱ्यांनी जवळजवळ दोन वर्षे पगाराविना काम केले. थकलेला पगार १५ लाख डॉलरच्या घरात गेला आणि काही कर्मचाऱ्यांना त्यासाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली. २००४ साली नवे भांडवल मिळाले, पगार चुकते झाले आणि २००५ मध्ये ‘पँडोरा’ लोकांपुढे आली. साहसी भांडवलाचे पोवाडे गाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवलेले बरे, की या कंपनीला अडचणीच्या काळात तगवणारे भांडवल कर्मचाऱ्यांच्या न मिळालेल्या पगाराचे होते.

यंत्र गाणी निवडते असे म्हटले जाते, परंतु त्या निवडीच्या मुळाशी माणसांचे श्रम आहेत. ‘म्युझिक जीनोम प्रोजेक्ट’ या नावाने संगीत जाणणारी माणसे कामाला लावून एकेका गाण्याचे पृथक्करण करण्यात आले. गायकाच्या आवाजाची जात, लय, स्वररचना, वाद्यमेळ, शब्दांचा कल अशा अंगांनी साडेचारशेपर्यंत गुणांची नोंद करायची आणि एका गाण्यासाठी वीस मिनिटे ते अर्धा तास खर्चायचा, अशी ही पद्धत होती. लंडनमध्ये २००२ साली निघालेल्या ‘लास्ट एफ.एम.’ने दुसरा मार्ग धरला. तेथे गाण्याचा अभ्यास न करता श्रोत्यांचाच अभ्यास केला जाई. कोणी काय ऐकले याची नोंद आपोआप होत राही आणि ज्यांच्या आवडी जुळतात त्यांतील एकाचे गाणे दुसऱ्याला सुचवले जाई. २००७ साली सी.बी.एस. या अमेरिकी प्रसारण कंपनीने ही संस्था २८ कोटी डॉलर देऊन विकत घेतली. विकत घेतली गेलेली मुख्य वस्तू म्हणजे लक्षावधी श्रोत्यांनी आपल्या ऐकण्यातून उभी केलेली आवडीनिवडींची वही होती. ती लिहिणाऱ्यांना त्या किंमतीतला छदामही मिळाला नाही. आज बहुतेक सेवांत या दोन्ही पद्धतींची सरमिसळ असते. अंगठा वर करणारा श्रोता आपण करमणूक करून घेत आहोत असे समजतो. वस्तुतः तो त्या कंपनीच्या कारखान्यात बिनपगारी वर्गवारीचे काम करीत असतो.

श्रोत्याला हवे ते गाणे हवे तेव्हा ऐकवण्याची मुभा मात्र या रेडिओला नव्हती, आणि त्याचे कारण यंत्रात नसून कायद्यात होते. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्याने इंटरनेटवरील प्रसारकांना एक सक्तीचा परवाना दिला. ध्वनिमुद्रणाच्या मालकाची वेगळी संमती न घेता त्यांनी कोणतेही गाणे प्रसारित करावे. मात्र ठरलेला दर भरावा आणि काही अटी पाळाव्यात. एका केंद्रावर तीन तासांत एका तबकडीतील तीनाहून अधिक किंवा एका कलावंताची चाराहून अधिक गाणी लावायची नाहीत, पुढे काय लागणार हे आधी जाहीर करायचे नाही, अशा या अटी होत्या. रेडिओ ऐकून तबकडीची विक्री बुडू नये हा त्यांमागील हेतू होता. श्रोत्याच्या आवडीप्रमाणे बदलणारे केंद्र हे हुकमी गाणी पुरवणाऱ्या दुकानासारखे धरायचे की रेडिओ समजायचे, हा वाद ‘लाँचकास्ट’ या सेवेच्या खटल्यात न्यायालयात गेला. पुढले गाणे कोणते हे श्रोत्याला सांगता येत नाही, सबब हा रेडिओच होय, असा निर्णय अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २००९ साली दिला. ‘पुढे काय लागेल कोण जाणे’ या साध्या अनिश्चिततेवर एका संपूर्ण धंद्याचे कायदेशीर अस्तित्व उभे राहिले.

यानंतरचा प्रश्न दराचा. हा दर ‘कॉपीराइट रॉयल्टी बोर्ड’ नावाचे सरकारी न्यायाधिकरण दोन्ही बाजूंचे पुरावे ऐकून ठरवते. मार्च २००७ मध्ये त्याने जो निर्णय दिला, त्यात एक गाणे एका श्रोत्याला एकदा ऐकवण्याचा दर २००६ सालासाठी ०.०८ सेंट धरून तो २०१० सालापर्यंत ०.१९ सेंटपर्यंत चढवण्यात आला होता. सेंटचा पाचवा हिस्सा म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. परंतु तासाला १५ गाणी धरली तर ०.१९ सेंटच्या दराने एका श्रोत्यामागे तासाला २.८५ सेंट होतात. महिन्याला १०० तास ऐकणारा श्रोता कंपनीला २ डॉलर ८५ सेंटना पडतो. तेवढ्या वेळात त्याला ऐकवलेल्या जाहिरातींतून इतके उत्पन्न झाले नाही, तर तो श्रोता हा तोट्याचा श्रोता होय. प्रसारकांनी हाकाटी केली, श्रोत्यांना काँग्रेसकडे पत्रे पाठवायला लावली आणि २००९ च्या जुलैत तडजोड झाली. ‘पँडोरा’सारख्यांनी काहीसा कमी दर किंवा एकूण उत्पन्नाच्या २५ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती द्यावी असे ठरले. त्याच सुमारास ‘पँडोरा’ने महिन्याला ४० तासांहून अधिक फुकट ऐकणाऱ्यांकडून ९९ सेंट मागायला सुरुवात केली. दुकानदाराने सर्वांत नेमाने येणाऱ्या गिऱ्हाइकालाच ‘आता पुरे’ म्हणावे, असा प्रसंग व्यापाराच्या इतिहासात विरळाच.

मग पैसा येतो कोठून? थोडा वर्गणीतून आणि बहुतांश जाहिरातींतून. जुना रेडिओ जाहिरातदाराला शहर विकत असे. व्यक्तिगत रेडिओ त्याला नेमका माणूस विकतो. नाव नोंदवताना श्रोता आपले वय, स्त्री की पुरुष हे आणि टपालाचा पिन क्रमांक देतो. पुढे तो सकाळी काय ऐकतो, रात्री काय ऐकतो, कशावर अंगठा खाली करतो हे तो स्वतःच सांगत राहतो. त्या आधारे वीस वर्षांच्या मुलीला एक जाहिरात आणि तिच्या बापाला दुसरी, असा माल विकला जातो. गोष्ट साबण व मोटारी यांवर थांबलेली नाही. कोणत्या भागात कोणत्या पक्षाला किती मते पडली हे आकडे आणि तेथील श्रोत्यांची संगीताची आवड यांची सांगड घालून, अमुक श्रोता कोणत्या पक्षाकडे झुकलेला असावा याचा अंदाज बांधणे आणि राजकीय जाहिरातदारांना तो विकणे, हे काम ‘पँडोरा’ने २०१४ च्या निवडणुकीच्या वर्षात हाती घेतले. ज्याने कोणालाही आपले मत सांगितलेले नाही, त्याचे मत त्याच्या गाण्यांवरून ताडून विक्रीला काढले गेले. मतदानाची गुप्तता मतपेटीपुरती उरली, असे म्हणण्याची पाळी यावी.

इतके करूनही हिशेब जुळत नव्हता. जून २०११ मध्ये कंपनीचे भाग न्यूयॉर्कच्या बाजारात आले, तेव्हा ती सतत नफा मिळवणारी कंपनी नव्हती. जानेवारी २०१२ अखेरच्या वर्षात तिचे उत्पन्न सुमारे २७ कोटी ४० लाख डॉलर होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम गाण्यांच्या आकारणीत गेली. कंपनीचे म्हणणे असे, की मनोऱ्यावरून प्रसारण करणारी अमेरिकेतील ए.एम. व एफ.एम. केंद्रे ध्वनिमुद्रणाबद्दल गायक-वादकांना एक सेंटही देत नाहीत, मग इंटरनेटवरील रेडिओनेच का द्यावा? ही तक्रार खोटी नव्हती. अमेरिकेत त्या केंद्रांना गीतकार व संगीतकार यांचे देणे द्यावे लागते, परंतु ज्याचा आवाज ऐकू येतो त्याला काही मिळत नाही. त्यासाठीची विधेयके वारंवार मांडली गेली आणि प्रसारकांच्या वजनापुढे पडून राहिली. पण विषमता खरी असली तरी तिच्यावरचा उपाय कोणता? एका कारखान्यात मजुरी मिळते आणि शेजारच्यात वेठबिगार चालते, तर पहिल्यातील मजुरी कापून समता आणायची नसते. २०१२ साली दर उतरवण्याचा मार्ग मोकळा करणारे विधेयक कंपनीच्या पाठिंब्याने काँग्रेसमध्ये आले, तेव्हा शंभराहून अधिक नामवंत कलावंतांनी जाहीर पत्र काढून त्यास विरोध केला. विधेयक मंजूर झाले नाही. २०१५ च्या डिसेंबरात न्यायाधिकरणाने फुकट सेवेचा दर ०.१७ सेंट ठरवला. २०२१ साली तो ०.२१ सेंट झाला आणि पुढील वर्षांसाठी महागाईच्या निर्देशांकाशी बांधला गेला. महागाईशी बांधलेला दर मिळवण्यासाठी आपल्याकडे गिरणी कामगारांना किती झगडावे लागले, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या एका ओळीचे मोल सांगायला नको.

या दराचे खरे महत्त्व त्याच्या वाटपात आहे. गोळा झालेली रक्कम ‘साउंडएक्स्चेंज’ या संस्थेकडे जाते आणि कायद्यानेच तिचे हिस्से पाडले आहेत. ५० टक्के ध्वनिमुद्रणाच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांच्या निधीला. ०.२१ सेंटच्या दराने एक गाणे १० लाख वेळा ऐकवले गेले, तर २,१०० डॉलर जमतात. त्यांतील १,०५० मालकाला, ९४५ गायकाला किंवा वाद्यवृंदाला आणि १०५ साथीदारांना. ही मिळकत श्रीमंत करणारी नव्हे, हे उघड आहे. हजार विड्यांमागे ठरणाऱ्या मजुरीसारखीच ही नगावरची मजुरी आहे आणि नगावरच्या मजुरीचे सर्व दोष तिच्यात आहेत. पण तिचे तीन गुण कोणी दुर्लक्षू नयेत. दर जाहीर आहे. तो सर्वांना सारखा आहे. नामांकित गायिकेला आणि गावच्या चर्चमधील गवयाला एका वेळेच्या ऐकण्याचे तेवढेच पैसे मिळतात. आणि कलावंताचा वाटा कंपनीच्या गल्ल्यातून न जाता थेट त्याच्या हाती पडतो. जुन्या उचलीपोटी तो कोणी वळता करून घेऊ शकत नाही. ज्यांना असे संरक्षण नाही त्यांची स्थिती शेजारीच दिसते. मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने ‘पँडोरा’ने ‘ॲस्कॅप’ या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेला द्यावयाचा दर उत्पन्नाच्या १.८५ टक्के ठरवला. एकाच गाण्यातील ध्वनिमुद्रणापोटी उत्पन्नाचा अर्धा भाग जातो आणि ज्यांनी ते रचले त्यांच्या वाट्याला अशी चिमूट येते.

आता हा जाहीर दरच आतून पोखरला जात आहे. २०१४ साली ‘पँडोरा’ने ‘मर्लिन’ या लहान ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेशी करार केला. त्याचे सूत्र असे, की दर कमी घ्या, म्हणजे तुमची गाणी अधिक वेळा लावू. ‘स्पॉटिफाय’ने २०२० साली हेच तत्त्व उघड योजना म्हणून पुढे आणले. जी गाणी कमी रॉयल्टी पत्करतील, त्यांना तिच्या रेडिओत आणि आपोआप लागणाऱ्या गाण्यांत झुकते माप मिळेल. गाणे लावण्यासाठी निवेदकाला गुपचूप पैसे चारण्याच्या प्रकारावर अमेरिकेत १९५९-६० मध्ये काँग्रेसपुढे सुनावण्या झाल्या आणि तो कायद्याने दंडनीय ठरवण्यात आला. आज पैसे चारावे लागत नाहीत, ते आपल्याच मजुरीतून सोडून द्यावे लागतात. आणि निवेदकाच्या जागी सूत्र असल्याने लाच घेताना कोणी सापडत नाही.

यावर सांगितले जाते, की कोणावरही सक्ती नाही. ज्याला पटेल त्याने कमी दर घ्यावा. हा युक्तिवाद मजुरांच्या अड्ड्यावर नित्य ऐकू येणारा आहे. दिवसाचे तास चोवीसच आहेत आणि श्रोत्याचे ऐकण्याचे तास त्याहून पुष्कळ कमी. एका गाण्याला अधिक जागा मिळाली, तर ती दुसऱ्या गाण्याची जागा असते. पहिल्याने दर उतरवला की दुसऱ्याला उतरवावा लागतो आणि सर्वांनी उतरवल्यावर प्रत्येकाची गाणी पूर्वीइतकीच वाजतात. बदल एवढाच, की मजुरी सर्वांची उतरलेली असते. प्रत्येकाने स्वेच्छेने घेतलेला निर्णय सर्वांचा तोटा करतो, म्हणूनच किमान वेतनाचे कायदे झाले. बाजार समित्यांचे कायदे होण्यापूर्वी शेतमालाचा भाव रुमालाखाली बोटे दाबून ठरत असे. तेथेही सक्ती कोणावर नव्हती. तरीही उघड लिलावाची मागणी करावी लागली, कारण ज्याला दुसऱ्याचा भाव ठाऊक नाही त्याला स्वतःचा भाव कधीच कळत नाही.

‘पँडोरा’ भारतात आली नाही; आणि २०१८ साली ठरलेल्या सुमारे ३५० कोटी डॉलरच्या सौद्यानंतर २०१९ च्या फेब्रुवारीत ती ‘सिरियस एक्स.एम.’ या उपग्रह रेडिओ कंपनीच्या पोटात गेली. परंतु तिने उभा केलेला प्रश्न मुंबईच्या उच्च न्यायालयात मात्र येऊन ठेपला. आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली जी दुरुस्ती झाली, तिने गीतकार-संगीतकारांना आणि गायक-वादकांना रॉयल्टीतील वाट्याचा हक्क दिला. त्याच दुरुस्तीतील ३१ ड या कलमाने रेडिओ व दूरचित्रवाणी यांच्यासाठी ठरवून दिलेल्या दरावर वैधानिक परवाना मिळण्याची सोय केली. हे कलम इंटरनेटलाही लागू आहे, असे सांगत ‘विंक’ या दूरसंचार कंपनीच्या सेवेने ‘टिप्स’ या ध्वनिमुद्रण कंपनीची गाणी देणे चालू ठेवले. एप्रिल २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने तो निर्णय कायम केला. कलमाच्या शब्दांत रेडिओ व दूरचित्रवाणी आहेत, इंटरनेट नाही; न्यायालय कायद्याचा अर्थ लावते, नवा कायदा करीत नाही. निर्णयाशी भांडण्याचे कारण नाही. ‘विंक’ला कलावंतांचा कळवळा होता असेही नव्हे, तिला स्वस्त दर हवा होता.

परंतु त्याचा परिणाम काय झाला हे पाहिले पाहिजे. भारतात इंटरनेटवर ऐकल्या जाणाऱ्या गाण्याचा दर आज मोठी ध्वनिमुद्रण कंपनी आणि मोठी सेवा यांच्यातील खाजगी कराराने ठरतो. तो प्रसिद्ध होत नाही. कायद्याने कलावंतांचा हक्क मान्य केला, पण रकमेचे हिस्से पाडून दिले नाहीत. साथीच्या वादकाला तर ठरलेला वाटा कोठेच लिहिलेला नाही. मुंबईच्या स्टुडिओंत ज्यांनी एका दिवसाच्या बिदागीवर बासरी, ढोलकी, व्हायोलिन वाजवले, त्यांचे ते वाजवणे आज यंत्राच्या निवडीने घरोघर पोहोचते आणि त्याचा हिशेब त्यांना विचारताही येत नाही. दोन भांडवलांच्या खटल्यात श्रमाची बाजू मांडणारा कोणी नव्हता, हे या प्रकरणाचे सार होय.

तेव्हा मागणी काय करायची? अमेरिकेचा कायदा जसाच्या तसा उचलावा असे कोणी म्हणणार नाही. त्यातील विसंगती वर आल्याच आहेत. परंतु त्यातील चांगले तेवढे घेण्यास हरकत नाही. इंटरनेटवरील प्रसारणाचा किमान दर सार्वजनिक सुनावणीनंतर, कलावंतांच्या संघटनांना पक्षकार करून ठरावा आणि तो कराराने खाली आणता येऊ नये. मालक, कलावंत व साथीदार यांचे हिस्से कायद्यात लिहिलेले असावेत आणि कलावंतांचे हिस्से त्यांच्या हाती थेट पडावेत. कमी दराच्या मोबदल्यात अधिक प्रसारण देण्याचे व्यवहार श्रोत्याला दिसतील अशा रीतीने जाहीर व्हावेत. आणि श्रोत्याच्या आवडीवरून त्याचा राजकीय कल ताडून तो विकण्यास मनाई असावी.

चळवळीतील कार्यकर्त्याला वाटेल, की दुष्काळ, रोजगार, शेतमालाचे भाव हे प्रश्न समोर असताना गाण्यांच्या हिशेबाची उठाठेव कशाला? पण यंत्राने काम वाटायचे, यंत्रानेच दर ठरवायचा, काम करणाऱ्याला सूत्र दाखवायचे नाही आणि ‘सक्ती कोठे आहे?’ असे विचारायचे, ही रीत संगीतापुरती राहिलेली नाही. शहरात दुचाकीवरून जेवणाचे डबे पोहोचवणारा तरुण आणि स्टुडिओतला बासरीवाला आज एकाच पद्धतीच्या कचाट्यात आहेत. बासरीवाल्याच्या बाबतीत निदान एका देशात जाहीर दर, ठरलेले हिस्से आणि उघड सुनावणी ही तीन साधने कायद्याने मिळवून दाखवली गेली. ती अपुरी आहेत आणि त्यांना वाळवी लागली आहे, हेही खरे. तरी ज्या कामाचा दर चारचौघांत ठरतो, त्या कामासाठी भांडता येते. ज्याचा दरच ठाऊक नाही, त्याने भांडायचे तरी कोणत्या आकड्यासाठी? आपल्याकडील लढ्याची सुरुवात तो आकडा उजेडात आणण्यापासूनच करावी लागेल.